प्रतिक्रिया बंद करण्याआधी: एका सूचनेवर शंभर प्रतिक्रिया का येतात?

नमस्कार.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमची संस्था पंधरा वर्षे सभासदांसाठी छापील मासिक पत्रक काढत होती. दोन वर्षांपूर्वी त्याच्या जोडीला फेसबुक पेज आणि व्हॉट्सॲप ग्रुप सुरू झाले. तेव्हापासून वेळापत्रकाची साधी सूचना दिली तरी शंभर प्रतिक्रिया येतात, त्यांतून दोन-चार भांडणे उद्भवतात, आणि एवढे होऊनही मूळ सूचना अनेकांना कळलेलीच नसते. सोशल मीडियामुळे संवाद वाढला की बिघडला, आणि प्रतिक्रिया सरळ बंद करून टाकाव्यात का, असे तुम्ही विचारता.

मी वीसहून अधिक वर्षे संस्थांच्या जनसंपर्काचे काम करते. सुरुवात ईमेलवरच्या वार्तापत्रांपासून झाली, पुढे पेज आणि ग्रुप सांभाळले, आणि आता या कामात नव्याने येणाऱ्यांना शिकवते. तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते आधी बाजूला काढू. पत्रकाच्या काळात सगळ्यांना सगळे नीट कळत होते, असे तुम्ही धरून चालला आहात. खरे पाहता तेव्हा कोणाला काय कळले, हे तुम्हाला समजण्याची सोयच नव्हती. ज्याने पत्रक न उघडता रद्दीत टाकले तो गप्प होता, ज्याने तारीख चुकीची वाचली तो भलत्याच दिवशी येऊन मुकाट्याने परत गेला, आणि ज्याला राग आला त्याने तो घरच्यांजवळ बोलून दाखवला. गैरसमज तेव्हाही होते. आज ते तुमच्यासमोर, तारीख-वेळेसह आणि इतर सभासदांच्या साक्षीने होतात. त्यामुळे जे दिसते आहे त्यातले जुने किती आणि खरोखर नवे किती, हा माझ्या मते तुमचा खरा प्रश्न आहे.

वाचकाने उलट बोलणे ही तशी नवी गोष्ट नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये लिहिलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचता येत असे आणि त्याच खिडकीत ते लिहिता व बदलताही येत असे. पुढे जे ब्राउझर घरोघरी पोहोचले ते मात्र केवळ वाचण्यासाठी होते, आणि म्हणून कित्येक वर्षे वेब म्हणजे पडद्यावरचे छापील पान, अशीच बहुतेकांची समजूत राहिली. विकिपीडिया २००१ मध्ये, फेसबुक २००४ मध्ये, यूट्यूब २००५ मध्ये आणि ट्विटर २००६ मध्ये आले आणि वाचकाच्या हाती लेखणी परत गेली, एवढेच.

माझ्या कामात प्रत्यक्ष फरक पडला तो मात्र २००९ पासून. त्या वर्षी फेब्रुवारीत फेसबुकने लाइकचे बटण आणले आणि नोव्हेंबरमध्ये ट्विटरने रिट्वीटचे बटण द्यायला सुरुवात केली. त्याआधी ट्विटरवर दुसऱ्याचे वाक्य पुढे पाठवायचे तर ते उचलून चिकटवावे लागे, आधी ‘आरटी’ (रिट्वीटचे लघुरूप) लिहून मूळ लेखकाचे नाव टाकावे लागे, आणि हे सगळे १४० अक्षरांत बसवण्यासाठी काटछाट करावी लागे. ही काटछाट करताना माणूस ते वाक्य निदान एकदा तरी पुन्हा वाचत असे. बटणाने ते वाचन काढून घेतले. लोक अचानक उथळ झाले, असे मला कधीच वाटले नाही. पुढे पाठवण्याचे श्रम आणि वाचण्याचे श्रम यांचे जुने प्रमाण उलटे झाले, इतकेच माझे निरीक्षण आहे. तुमच्या शंभर प्रतिक्रियांतील कित्येक या उलटलेल्या प्रमाणाचे फळ आहेत. सूचना वाचायला दोन मिनिटे लागतात, ‘नक्की किती वाजता?’ हे विचारायला पाच सेकंद.

आता त्या भांडणांकडे वळू. आपण ग्रुपवर जे लिहितो ते लेखन असते की बोलणे, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. वाक्ये तुटक असतात, उत्तर लगेच यावे अशी अपेक्षा असते, मध्येच कोणी तिसरा बोलतो, विषय भरकटतो. ही सगळी लक्षणे बोलण्याची आहेत. पण बोललेले हवेत विरते आणि हे तर तसेच राहते, शोधून काढता येते, त्याचा स्क्रीनशॉट घेता येतो. शिवाय बोलण्याला जो सूर असतो, चेहरा असतो, ‘अहो, तसे नव्हते म्हणायचे मला’ असे लगेच सावरण्याची जी सोय असते, ती इथे नाही. म्हणजे बोलण्याचा निष्काळजीपणा आणि लेखनाचा टिकाऊपणा अशा दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. माझ्यासमोर आलेल्या भांडणांपैकी निम्म्याहून अधिक भांडणांचे मूळ मला याच ठिकाणी सापडले.

हरवलेल्या सुराची ही अडचण फेसबुकच्या कितीतरी आधीची आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणकावरच्या सूचनाफलकावर १९८२ मध्ये लिफ्टमध्ये पारा सांडल्याची एक थट्टा काहींनी खरी मानली. त्यावरून चर्चा झाली, आणि १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन यांनी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी तीन चिन्हे एकापुढे एक लिहून ‘ही थट्टा आहे’ असे सांगणारी खूण सुचवली. पुढे १९९९ मध्ये शिगेताका कुरिता यांनी जपानच्या डोकोमो कंपनीच्या मोबाइल सेवेसाठी १७६ छोटी चित्रे तयार केली आणि २०१० पासून अशी चित्रे, म्हणजे इमोजी, युनिकोड या संगणकांवरील लिपिचिन्हांच्या जागतिक प्रमाण-संचात आली. ही चित्रे पाहून नाक मुरडणारे अनेक जण भेटतात. मी स्वतः अधिकृत सूचनेत इमोजी वापरत नाही, परंतु सभासदाच्या शंकेला उत्तर देताना एखादा हसरा चेहरा जरूर टाकते, कारण त्याने वाद टळल्याचे मी पुष्कळदा पाहिले आहे.

लिहिणाऱ्याला स्वतःचा सूर ऐकू येत असतो, आणि तो वाचणाऱ्यालाही ऐकू येईलच असे त्याला वाटते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना उपरोधाची आणि गंभीर अशी दोन्ही प्रकारची वाक्ये कधी ईमेलने, कधी आवाजाने दुसऱ्यांकडे पोहोचवायला सांगितली होती. दोन्ही माध्यमांत समोरच्याला आपला सूर सुमारे ७८ टक्के वेळा कळेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाजावरून तो ७३ टक्के वेळा कळला, ईमेलवरून मात्र ५६ टक्के वेळाच. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती, हे लक्षात घेतले की या ५६ टक्क्यांचा अर्थ कळतो.

माझाच एक फजितीचा प्रसंग सांगते. एका संस्थेच्या ग्रुपवर मी लिहिले होते, ‘ज्यांना जमेल त्यांनी यावे.’ कोणावर सक्ती वाटू नये, एवढाच माझा हेतू होता. मागच्या कार्यक्रमाला न आलेल्यांनी तो टोमणा समजला, आलेल्यांनी त्यांची बाजू खोडून काढली, आणि संध्याकाळपर्यंत जुन्या निवडणुकीतली उणीदुणी निघाली. हेच वाक्य सभेत, चेहऱ्यावर हसू ठेवून म्हटले असते तर कोणाच्या लक्षातही राहिले नसते. तेव्हापासून सूचनेतले प्रत्येक वाक्य मी एकदा चिडलेल्या माणसाच्या आवाजात मोठ्याने वाचते. त्या आवाजात ते टोचत असेल तर बदलते. ‘कळवले होते’, ‘याआधीच सांगितले आहे’, ‘कृपया सूचना नीट वाचावी’ ही वाक्ये या परीक्षेत हटकून नापास होतात.

दुसरा खरा बदल श्रोत्यांचा आहे, आणि याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. पत्रक कोणाच्या हाती पडणार हे तुम्हाला ठाऊक होते, कारण त्यावर पत्ते तुम्हीच घालत होता. पेजवरची पोस्ट मात्र जुना सभासद, कालच आलेला सभासद, संस्था सोडून गेलेला माणूस, त्याचा मेहुणा, एखादा पत्रकार आणि तुमच्यावर खार खाऊन असलेला गट असे सगळे एकाच वेळी वाचतात. घरात आपण एका तऱ्हेने बोलतो, कचेरीत दुसऱ्या, मित्रांत तिसऱ्या. सोशल मीडियाने या तिन्ही खोल्यांमधल्या भिंती पाडल्या. अभ्यासक याला संदर्भ कोसळणे अशा अर्थाचे नाव देतात. याचा परिणाम दोन टोकांना दिसतो. काही जण सगळ्यांना चालेल असे गुळगुळीत, निर्जीव लिहू लागतात. काही जण आपल्याच गटासाठी लिहितात आणि बाकीच्यांना ते झोंबले की आश्चर्य व्यक्त करतात.

श्रोते जागेत पसरले तसेच काळातही पसरले. एका सूचनेत आम्ही ‘उद्या सकाळी दहा वाजता’ असे लिहिले होते. कार्यक्रम पार पडला. कित्येक महिन्यांनी कोणीतरी ती सूचना पुन्हा पुढे पाठवली, ती चार ग्रुपांत फिरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता काही मंडळी बंद दारासमोर येऊन उभी राहिली. त्यांचा काहीच दोष नव्हता. ‘उद्या’ हा शब्द त्यांच्यासाठी खराच होता. त्या दिवसापासून आज, उद्या, येत्या रविवारी, नेहमीच्या ठिकाणी, हे शब्द मी सूचनेतून काढून टाकले. वार, तारीख आणि वर्ष, पूर्ण पत्ता, सूचना देणाऱ्याचे पद, आणि शंका कोठे विचारायची ते, एवढे प्रत्येक सूचनेतच लिहिते. सूचना स्वतःचा संदर्भ स्वतःबरोबर घेऊनच बाहेर पडली पाहिजे, कारण ती कोणत्या ग्रुपात, कोणत्या वर्षी आणि कोणत्या वाक्यानंतर वाचली जाईल हे आता आपल्या हाती नाही. हा नियम पाळायला सुरुवात केली तर तुमच्या शंकांच्या प्रतिक्रिया पहिल्याच महिन्यात कमी झालेल्या दिसतील, असे मी बऱ्याच खात्रीने सांगू शकते.

‘सूचना अनेकांना कळलेलीच नसते’ ही तुमची तक्रारही रास्त आहे, पण तिचे कारण वाचकांच्या आळसापेक्षा बरेचदा यंत्रणेत असते. फेसबुकने न्यूज फीड, म्हणजे फेसबुक उघडताच समोर येणारी पोस्टची रांग, आणली ती सप्टेंबर २००६ मध्ये. तेव्हापासून कोणाला कोणती पोस्ट दिसावी आणि कोणत्या क्रमाने, हे उत्तरोत्तर अधिक प्रमाणात गणिती पद्धतीने ठरू लागले, आणि त्या गणितात ज्या पोस्टवर लोक थांबतात, उत्तरे देतात, वाद घालतात, ती वर येण्याची शक्यता वाढते. तुमच्या वेळापत्रकाच्या पोस्टवर भांडण झाले नसते तर ती कदाचित आणखी कमी जणांना दिसली असती, ही यातली विचित्र गंमत. म्हणून ‘पेजवर टाकले आहे’ याचा अर्थ ‘सर्वांना कळवले आहे’ असा घेऊ नका. ज्या गोष्टी प्रत्येकाला कळल्याच पाहिजेत त्या थेट पोहोचणाऱ्या मार्गानेच पाठवा, म्हणजे ईमेल, एसएमएस किंवा तुमचे जुने पत्रक. व्हॉट्सॲपवर २०१८ पासून फक्त ॲडमिनलाच संदेश पाठवता येईल अशी सोय आहे. सूचनांसाठी तसा एक वेगळा ग्रुप करा आणि गप्पांचा ग्रुप निराळा ठेवा. निम्मा गोंधळ एवढ्यानेच मिटतो.

आणखी एक गोष्ट. शंभर प्रतिक्रिया म्हणजे शंभर माणसे नव्हेत. वेबवरच्या सहभागाविषयी संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ठोकताळा मांडला होता: बहुतेक ऑनलाइन समुदायांत ९० टक्के लोक केवळ वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि १ टक्का लोक बहुतेक सगळे लिखाण करतात. प्रत्येक ठिकाणी हे आकडे असेच येतील असे नाही, पण सर्वसाधारण चित्र मला आजवर सगळीकडे असेच दिसले आहे. तुमच्या शेवटच्या तीन वादग्रस्त पोस्ट उघडा आणि प्रतिक्रियांऐवजी नावे मोजा. मग त्या नावांतली सामायिक नावे बाजूला लिहा. बऱ्याच संस्थांना ही मोजणी केल्यावर कळते की ‘सभासद नाराज आहेत’ असे जे वाटत होते ते मूठभर सभासदांचे आपसातले जुने प्रकरण आहे. कधीकधी मात्र उलटही निघते. नावे खूप असतात, प्रत्येकाची एकच प्रतिक्रिया असते आणि सगळ्यांची तक्रार एकच असते. तसे असेल तर संस्थेने आपली बाजू तपासावी, आणि तेथे लिहिण्याच्या शैलीविषयी माझा कोणताही सल्ला उपयोगाचा नाही.

अफवांचा मुद्दा तुम्ही ओझरता मांडला आहे, पण तो लवकरच तुमच्या दारी येईल, म्हणून लिहिते. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात सुमारे ३० लाख लोकांनी पसरवलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. खोट्या बातम्या खऱ्यांपेक्षा अधिक दूर आणि अधिक वेगाने गेल्या. त्या पुढे पाठवल्या जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी जास्त होती, आणि हा फरक आपोआप चालणाऱ्या खात्यांमुळे पडला नव्हता, तो माणसांनीच घडवला होता. कर्णोपकर्णी पराचा कावळा पूर्वीही होत असे, पण त्याला दहा कान लागत आणि दर कानागणिक थोडा वेळ जात असे. तो वेळ परत आणला की काय होते, हेही पाहायला मिळाले आहे. व्हॉट्सॲपने जानेवारी २०१९ मध्ये जगभर एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, जे संदेश आधीच अनेकदा फिरले आहेत ते एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील असे केले, आणि अशा संदेशांचे फिरणे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने त्याच महिन्यात सांगितले. कोणालाही उपदेश केला नव्हता, कोणाचे तोंड बंद केले नव्हते. फक्त एका जागी थोडे कष्ट वाढवले होते. तुमच्याबाबत अफवा उठली तर ती जिथे फिरते आहे त्याच जागी, खरे काय ते पहिल्या वाक्यात सांगा आणि खोटे विधान मथळ्यात कधीही छापू नका, कारण स्क्रीनशॉट मथळ्याचाच निघतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. प्रतिक्रिया बंद कराव्यात का? हे तीन-चार गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला येथून दिसत नाहीत. तुमच्याकडे उत्तर देणारा माणूस आहे का आणि दिवसातून किती वेळ आहे? सभासद एकमेकांना प्रत्यक्ष ओळखतात का? विषय केवळ वेळापत्रकाचा आहे, की पैशांचा आणि पदांचा? उत्तर देणारे कोणीच नसेल तर प्रतिक्रिया बंद ठेवणे मला अधिक प्रामाणिक वाटते. दार उघडे ठेवून आत कोणी नसणे याचा राग बंद दारापेक्षा जास्त येतो. संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०१४ मध्ये आणल्यापासून तर गप्प राहणे हेही एक उत्तरच मानले जाते, आणि ते उत्तर नेहमी उद्धटपणाचेच धरले जाते.

मात्र रोज अर्धा तास देणारे कोणी असेल तर बंद करू नका, असेच मी सांगेन. तुम्ही बंद केले म्हणून बोलणे थांबत नाही. ते अशा ग्रुपांत जाते जिथे तुम्ही नसता आणि तुमची बाजू मांडायलाही कोणी नसते. शिवाय याच प्रतिक्रियांचा मोठा फायदा तुमच्या प्रश्नात कोठेच आलेला नाही, तो मला नोंदवायचा आहे. छापील पत्रकातली चूक दुरुस्त व्हायला पुढच्या महिन्याचा अंक यावा लागे. आमच्या एका सूचनेत तारीख आणि वार जुळत नव्हते, ते एका सभासद बाईंनी दहा मिनिटांत दाखवून दिले आणि पुढचा घोटाळा टळला. त्या बाई सभेत कधीच बोलत नसत. चारचौघांत उभे राहून बोलायला संकोचणारी, ऐकू कमी येणारी, दूर राहणारी, घरातून बाहेर पडू न शकणारी अशी कितीतरी माणसे या माध्यमामुळेच मला पहिल्यांदा भेटली. चार भांडखोर गप्प करण्यासाठी त्यांची जागा काढून घेणे मला पटत नाही.

करायचे ते इतके करा. सूचना एकतर्फी ग्रुपवर द्या. पेजवर तीच सूचना टाकताना शंका विचारण्याची वेळ ठरवून द्या आणि त्या वेळेत कोणीतरी खरोखर उत्तरे द्या. पोस्ट टाकल्यावर पहिला तासभर तेथेच थांबा, कारण पहिल्या पाच-सहा प्रतिक्रियांचा सूर पुढच्या सगळ्यांचा सूर ठरवतो. रात्री उशिरा पोस्ट टाकून झोपी जाऊ नका. व्यक्तिगत वाद सुरू झाला तर दोघांशी फोनवर बोला, आणि मग ग्रुपवर एका वाक्यात ‘बोलणे झाले आहे’ एवढेच लिहा. प्रतिक्रिया काढून टाकायची वेळ आली तर कोणत्या नियमाने काढली ते तेथेच सांगा. पत्रक मात्र आणखी एक वर्ष तरी चालू ठेवा.

आणि एक वही घाला. तिचे तीन रकाने पुरतात: सूचनेची तारीख, विचारलेली शंका, आणि ती किती वेगवेगळ्या माणसांनी विचारली. एकच शंका तिघांनी विचारली की चूक सूचनेत आहे असे धरून ती सूचना त्याच दिवशी दुरुस्त करा. माझी अशी सातवी वही सध्या चालू आहे.